विश्लेषण : जपानचे लॉज १३०० वर्षे चालते, गिरगावची खानावळ तिसऱ्या पिढीत का थकते?

लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईत झाले, हे शालेय पुस्तकातून सर्वांना माहीत असते. ते एका लॉजमध्ये झाले, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे ते लॉज. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर टिळकांनी तिथे अखेरचा श्वास घेतला आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सरदारगृह हे नाव आणि इमारत आजही आहे. वळकटी घेऊन उतरणारे पाहुणे मात्र तिथे आता येत नाहीत.

मुंबईतील मराठी माणसाने चालवलेल्या लॉजची आणि खानावळींची गोष्ट बहुतेक वेळा अशीच संपते. नाव राहते, धंदा राहत नाही. जपानमध्ये मात्र गरम पाण्याच्या झऱ्याकाठी सुरू झालेली काही लॉज १३०० वर्षांनंतरही पाहुणे घेत आहेत. हे त्यांना कसे जमले? आणि गिरगाव, दादर, लालबागमध्ये पाटी का उतरते? समजून घेऊया.

जगातील सर्वात जुने लॉज कोणते?

जपानच्या यामानाशी प्रांतात डोंगरात दडलेले ‘निशियामा ओन्सेन केइउनकान’. स्थापना इ. स. ७०५. गिनीज बुकने २०११ मध्ये जगातील सर्वात जुने हॉटेल म्हणून त्याची नोंद केली. ‘ओन्सेन’ म्हणजे गरम पाण्याचा झरा. त्या काळी जपानमध्ये ‘केइउन’ नावाचा कालखंड सुरू होता, त्यावरून लॉजचे नाव पडले. फुजिवारा नो माहितो हे संस्थापक. पुढे ५२ पिढ्यांनी ते चालवले, अशी तिथली परंपरा सांगते.

त्याआधी हा मान इशिकावा प्रांतातील आवाझू येथील ‘होशी’ या लॉजकडे होता. त्याची स्थापना इ. स. ७१८ ची. ताइचो नावाच्या बौद्ध भिक्षूला स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्याने गावकऱ्यांकडून झरा खणून घेतला, अशी आख्यायिका आहे. आजारी माणसांना तिथे स्नान करता यावे म्हणून लॉज बांधून ते चालवण्याचे काम त्याने आपल्या शिष्यावर सोपवले. आता ४६वी पिढी झाली. प्रत्येक कुटुंबप्रमुख गादीवर आला की ‘झेंगोरो’ हेच नाव घेतो. माणसे बदलतात, पाटीवरचे नाव बदलत नाही.

अशा पारंपरिक लॉजला जपानीत ‘रियोकान’ म्हणतात. जमिनीवर चटई, त्यावर गादी, मुक्काम करणाऱ्याला घरचेच जेवण आणि दिवसातून दोन-तीनदा गरम पाण्यात डुंबणे, असा तिथला शिरस्ता.

गरम पाण्याचे झरे तर कोकणातही आहेत, मग?

आहेत, आणि भरपूर आहेत. मुंबईपासून ७५ किलोमीटरच्या आसपास तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. पालीजवळ उन्हेरे. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरजवळ उन्हाळे. गावांच्या नावातच ‘ऊन’ पाणी आहे.

विज्ञान सोपे आहे. पावसाचे पाणी खडकातील भेगांमधून खोल जाते. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येते. जपानमध्ये जिवंत ज्वालामुखी असल्याने ही भट्टी अनेक ठिकाणी जमिनीच्या अगदी जवळ आहे. कोकणात ज्वालामुखी नाही, तरी काही कुंडांचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते.

फरक पाण्यात नसून मालकीत आहे. आपल्याकडे कुंड देवाचे किंवा गावाचे. वज्रेश्वरीचे मंदिर १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधले. तिथे येणारा माणूस आधी भाविक असतो. तो आंघोळ करतो, दर्शन घेतो आणि धर्मशाळेत राहतो. धर्मशाळा ही दानावर चालते, धंद्यावर नाही. त्यामुळे झऱ्याभोवती पिढीजात लॉजवाल्यांचे घराणे तयार व्हायला वावच नव्हता.

जपानमध्ये झऱ्याच्या पाण्यावरचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता मानली गेली. तो विकता, वाटून घेता किंवा वारशाने देता येतो. १९४८च्या ओन्सेन कायद्याने तर झऱ्याची व्याख्याही ठरवून दिली : उगमाशी पाणी २५ अंश किंवा अधिक तापमानाचे असावे, किंवा त्यात ठरलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असावा. झरा जागचा हलत नाही. त्यामुळे लॉजही हलले नाही.

मुंबईत लॉज आणि खानावळी कशा सुरू झाल्या?

इथे झऱ्याची जागा रेल्वेने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण, कोर्टकचेरी आणि नोकरीसाठी कोकणातून, पुण्याहून, देशावरून माणसे गिरगावात येऊ लागली. त्यांच्यापुढे दोन प्रश्न असत. पाठ कुठे टेकायची आणि आपल्या चवीचे, आपल्या आचारविचारांना चालेल असे जेवण कुठे मिळायचे. परक्या हातचे खाणे तेव्हा सहज चालत नव्हते. गिरगावातील ‘आश्रम’, ‘गृह’ अशा नावांची लॉज आणि भोजनालये या गरजेतून उभी राहिली.

सरदारगृह हे त्यातले मोठे नाव. साळवेकर कुटुंबाच्या या लॉजमध्ये पुण्याहून येणारे टिळक उतरत. त्यामुळे ते केवळ मुक्कामाचे ठिकाण राहिले नाही, तर राजकीय भेटीगाठींचा अड्डाही बनले. ‘केसरी’चे मुंबईतील कार्यालयही त्याच इमारतीत.

दादरला १९१० मध्ये नारायण विष्णू काणे यांनी ‘मामा काणे स्वच्छ उपाहारगृह’ सुरू केले. बटाटेवडा ही त्याची ओळख. गिरगावात १९२१ पासून पणशीकरांचे नाव पीयूष आणि उपवासाच्या पदार्थांशी जोडले गेले. दोन्ही नावांनी शंभरी ओलांडली.

‘स्वच्छ’ हा शब्द नावातच असणे अर्थपूर्ण आहे. नव्या शहरात आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाला मालक आपल्या आडनावाची हमी देत होता. जपानी लॉजचा मालक ‘झेंगोरो’ हे नाव घेऊन जे सांगतो, तेच दादरच्या पाटीवरचे ‘मामा काणे’ सांगत होते : इथे घरचा माणूस बसलेला आहे.

लालबाग-परळची खानावळ वेगळी कशी?

गिरगावचा ग्राहक कारकून, वकील, विद्यार्थी. लालबाग-परळचा ग्राहक गिरणी कामगार. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे पाच-सहा दशकांत गिरणगाव उभे राहिले. घाटावरचा, कोकणातला पुरुष एकटा यायचा. गावकीच्या खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळ्यांनुसार झोपायचे. बायको-मुले गावी.

त्यांच्या जेवणाची सोय गिरणगावातील बायकांनी केली. दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हवर पंधरा-वीस जणांची चपाती-भाजी, भात-आमटी आणि मासळी. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज. नवऱ्याचा पगार अपुरा किंवा बंद पडलेला, अशा कितीतरी घरांची चूल या डब्यांवर चालत होती.

या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून एकत्र आणले. सुरुवात १४ जणींपासून झाली. तारण देऊ न शकणाऱ्या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे त्या काळी जवळपास अशक्य वाटणारे काम मंडळाने केले. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मात्र १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. पगार थांबला तसे डब्याचे पैसेही थांबले. अनेक कामगार गावी परतले. खानावळवालीचा ग्राहकच शहरातून निघून गेला. जपानमधील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी युद्धातही वाहत राहिले. गिरणगावातील खानावळीचा झरा म्हणजे गिरणीचा पगार होता, आणि तो आटला.

वारस नसेल तर जपानी कुटुंब काय करते?

तेराशे वर्षांत प्रत्येक पिढीला कर्तबगार मुलगा झाला असेल, असे मानणे कठीण आहे. जपानी घराण्यांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे प्रौढ दत्तक. मुलगा नसेल, किंवा असून धंद्यात लक्ष घालत नसेल, तर लायक जावई निवडायचा, त्याला दत्तक घ्यायचे आणि घराण्याचे आडनाव द्यायचे. लॉज, मद्याचे कारखाने, पेढ्या या सर्वांमध्ये ही पद्धत शतकानुशतके चालत आली.

भारतीयांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे ओसामू सुझुकी. मारुती गाडी भारतात आणणारे हे उद्योगपती जन्माने मात्सुदा. सुझुकी कुटुंबातील मुलीशी लग्न झाल्यावर दत्तकविधान होऊन ते सुझुकी झाले आणि अनेक दशके कंपनीचे सर्वेसर्वा राहिले. मुळात ही कंपनीही १९०९ मध्ये माग बनवण्यासाठी सुरू झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

थोडक्यात, ‘४६ पिढ्या’ म्हणजे ४६ वेळा बापाकडून मुलाकडे असा अर्थ घेण्याचे कारण नाही. पिढी मोजली जाते ती लॉजची.

दत्तक आपल्याकडे नवे आहे का?

अजिबात नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. नाव बदलले, गादी तीच राहिली. १८५६ पूर्वी दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी सातारा आणि झाशी खालसा केली, हा इतिहास तर प्रत्येक मराठी घराला पाठ आहे.

१९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात दत्तकाचे वय साधारणपणे १५ वर्षांच्या आत हवे. रूढी असेल तर मात्र अपवाद आहे, आणि महाराष्ट्रातील प्रौढ दत्तकाची जुनी रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. म्हणजे वाट बंद नव्हती. पण दत्तक घेतले गेले ते गादीसाठी, इस्टेटीसाठी आणि पिंडदानासाठी. खानावळ पुढे चालावी म्हणून कुणी दत्तक घेतल्याचे ऐकिवात येत नाही.

त्यामागे एक साधे कारण आहे. भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या बापालाच मुलाने पुन्हा भट्टीपुढे उभे राहू नये असे वाटत होते. मुलगा इंजिनीअर झाला, बँकेत लागला की खानावळीचे सार्थक झाले. गिरगावातील कितीतरी मुलांच्या फीचे पैसे अशा गल्ल्यातून आले. धंदा बंद पडला याची हळहळ करताना हेही लक्षात ठेवायला हवे.

छप्पर कोणाचे?

खरी मेख इथे आहे. जपानी लॉजवाल्याची जमीन, घर आणि पाण्याचा हक्क बहुधा त्याचाच. गिरगाव-दादरचा लॉजवाला किंवा खानावळवाला बहुधा भाडेकरू.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने शहरातील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला सहज बाहेर काढता येईना. त्याचा मोठा फायदा झाला : जागेचे भाडे नगण्य असल्यानेच मोक्याच्या ठिकाणी स्वस्त राइस प्लेट देणे अनेक दशके परवडले. दुसऱ्या बाजूला, एवढ्या भाड्यात घरमालकाने दुरुस्ती करणे सोडून दिले. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळाची व्यवस्था आणावी लागली. १९९९च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, पण मूळ भाडेच किरकोळ असल्याने फारसा फरक पडला नाही.

यातून पागडीची किंमत वाढत गेली. स्टेशनजवळच्या चारशे-पाचशे चौरस फुटांच्या हक्काला एवढे मोल आले की, रोज पहाटे उठून डाळ-तांदूळ भिजत घालण्यापेक्षा जागा सोडून एकरकमी पैसे घेणे शहाणपणाचे ठरू लागले. चौथ्या पिढीने गल्ल्यावर बसायला नकार दिला, तर तो आळस म्हणता येणार नाही. तो हिशेब आहे.

केइउनकानचा हिशेब नेमका उलटा आहे. ते ज्या हायाकावा गावात आहे, त्याची लोकसंख्या जेमतेम हजाराच्या आसपास. तिथली जमीन विकून कुणी श्रीमंत होणार नाही. तिला किंमत आहे ती झरा आणि लॉज चालू आहे तोवरच.

भाडेकरू मालकाचा मृत्यू झाला तर हक्क कोणाला?

याचे उत्तर अनेक कुटुंबांना वाद सुरू झाल्यावरच कळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार राहत्या घराच्या बाबतीत मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो. व्यवसायाच्या जागेसाठी निकष वेगळा आहे : मृत्यूसमयी भाडेकरूसोबत ती जागा त्या व्यवसायासाठी वापरणारा कुटुंबातील सदस्य. असा कुणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवायचे, नाही जमले तर कोर्टाने.

म्हणजे कायदा आधी विचारतो, गल्ल्यावर कोण बसत होते? परदेशातील मोठ्या मुलापेक्षा रोज दुकान उघडणाऱ्या धाकट्याचा किंवा सुनेचा दावा इथे पुढे येऊ शकतो. जपानी घराणी जे रूढीने करत आली, त्याच्या जवळ जाणारे हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. मात्र ते सिद्ध करायला कागद लागतात : परवाना, भागीदारीपत्र, कराची विवरणपत्रे. कुटुंबातील बाई किंवा पुतण्या वर्षानुवर्षे राबतात, पण यातल्या एकाही कागदावर त्यांचे नाव नसते.

पुनर्विकासात काय होते?

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात बिगरनिवासी भाडेकरूला साधारणपणे जुन्या जागेएवढी जागा मिळते. कागदावर नुकसान नाही. प्रत्यक्षात काम पूर्ण होईपर्यंत अनेक वर्षे जातात. घर तात्पुरते दुसरीकडे हलवता येते. पण खानावळ दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी गिऱ्हाईक तुटते, आचारी दुसरीकडे लागतो. नव्या इमारतीत रस्त्याला लागून जागा मिळेल की मागच्या बाजूला, भट्टीच्या धुराला वाट असेल का, यावर सगळे अवलंबून असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ गिरगावमार्गे कफ परेडपर्यंत धावू लागली. पाहुणे पुन्हा गिरगावात उतरणे सोपे झाले आहे. जागेचे मोलही त्याच वेगाने वाढते आहे.

मग जपानमध्ये सगळे आलबेल आहे का?

नाही. १९८०च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांच्या घरात रियोकान होती. आज त्यांची संख्या निम्म्याहून कमी आहे. तिथेही मुले शहरात जातात, जन्मदर घसरला आहे. मंदिरे बांधणारी, इ. स. ५७८ मध्ये सुरू झालेली ‘कोंगो गुमी’ ही कौटुंबिक कंपनी कर्जात बुडून २००६ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहात विलीन झाली.

खुद्द केइउनकानलाही वारस मिळाला नाही. ५२ पिढ्यांनंतर २०१७ मध्ये त्याची सूत्रे तिथेच अनेक वर्षे नोकरी केलेल्या, घराण्याबाहेरच्या माणसाकडे गेली. घराणे थांबले, लॉज चालू राहिले. दुसऱ्या दिवशीही पाहुण्यांसाठी हौद भरलेलाच होता.

मुंबईतील कुटुंबांनी यातून काय घ्यावे?

पुनर्विकासाच्या करारावर सही होण्याआधी तीन गोष्टी ठरवता येतात.

पहिली, धंदा पुढे कोण चालवणार, हे हयात पिढीने बोलून ठरवावे आणि त्या व्यक्तीचे नाव परवाना आणि भागीदारीपत्रात आणावे. ती मुलगी, सून किंवा जुना आचारीही असू शकतो. फक्त आचारी कायद्याच्या भाषेत ‘कुटुंबातील सदस्य’ नाही. त्यामुळे त्याच्यासाठी जागेच्या हक्काचा आणि मालकाच्या परवानगीचा वेगळा विचार करावा लागेल.

दुसरी, नव्या इमारतीत किती चौरस फूट यासोबतच कोणत्या मजल्यावर, कोणत्या तोंडाला आणि धुराड्यासह की त्याविना, हे करारात लिहून घ्यावे.

तिसरी, बांधकामाच्या काळात धंदा पूर्ण बंद ठेवायचा की जवळच छोट्या जागेत दोन-चार पदार्थांपुरता चालू ठेवायचा, हे आधी ठरवावे. त्या काळात मिळणाऱ्या भाड्याची रक्कम घरखर्चात गेली, तर परत येताना भांडवल उरत नाही.

या तिन्ही गोष्टी करूनही एखादे कुटुंब थांबायचे ठरवेल. तो त्यांचा हक्क आहे. निदान तो निर्णय त्यांनी घेतलेला असेल, बिल्डरच्या वेळापत्रकाने घेतलेला नसेल.